दोन टगांचा हिशेब

शेठ म्हणाला, एका पानात लिहून दे :
कुठलं इंजिन कमी पितं.

वीस वर्षं मी भाऊच्या धक्क्यामागे
एका खोलीत बसून डिझेल लिहितोय.
समुद्र मला दिसतो तो गोदामाच्या पत्र्यावर
दोन बोटं उरतो तेवढाच.
म्हणून या खेपेला चढलो टगांवर.

'अंबिका'वर तुंगेकर.
फितीला खडू चोळून टाकीत सोडतो,
वर ओढतो, जिथं भिजली तिथं अंगठा धरून ओरडतो आकडा.
खाली कॅमशाफ्ट.
त्यावरच्या उंचवट्याला कारखान्यात एकदाच कुणीतरी सांगितलं होतं
पंपाला केव्हा ढकलायचं.
तेव्हापासून तो तेव्हाच ढकलतो,
ओझं असो, नसो.

'रेवती'वर प्रणिता भोपी, उरणची.
हिच्या इंजिनात दाब पाइपात तयारच उभा,
आणि किती सोडायचं, कधी,
ते एक डबा ठरवतो, दर फेऱ्याला नव्यानं.
"हात लावू नका," ती म्हणाली. मी लावला नव्हता.

बुचर बेटाजवळ टँकर वळवला दोघींनी मिळून.
पूर्ण जोरात दोघी जवळजवळ सारख्याच :
तासाला चार लिटरांचा फरक.
मी सांगितलं तेव्हा तुंगेकर हसला नाही,
फक्त कानातला कापूस नीट केला.

मग दुसरा टँकर आलाच नाही.
भरती उलटली. दोर ढिले. चहा.
दोघी नुसत्या घुरघुरत राहिल्या,
अंबिकाच्या धुरांड्यातून काळं, रेवतीच्या जवळजवळ काहीच नाही.
आणि फरक पडला तो इथं,
काही न करण्यात.

वह्या चाळल्या घरी आल्यावर.
दिवसाचे बारा-बारा तास टग वाटच पाहते.
इतकी वर्षं मी काम समजून लिहीत होतो
ते बहुतेक थांबणं होतं.

पान लिहून झालं होतं. रेवतीच्या बाजूनं, स्वच्छ अक्षरात.

गुरुवारी रेवतीचा एक सेन्सर गेला,
नखाएवढा, खाऱ्या हवेनं हिरवा पडलेला.
डब्यानं जोर अर्ध्यावर आणला, मग तोही काढून घेतला.
प्रणिता फोनवर, पलीकडे पुण्याचा कुणी साहेब,
"लॅपटॉप जोडा" म्हणतोय, आणि ओहोटी
तिला खडकाकडे नेतेय.

तुंगेकरनं विचारलं नाही काही.
दोर फेकला. ओढून आणली धक्क्यापर्यंत,
काळा धूर सोडत, कॅम आपल्या ठरल्या वेळी ढकलत.
उतरताना मला म्हणाला,
"हे कुणाच्या खात्यात लिहिणार?"

सदतीस लिटर.
जळाले अंबिकात, हलली रेवती.
दोन्ही वह्यांत अजून चढवलेले नाहीत.
चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली आहे,
आणि शेठ रोज विचारतो,
पान झालं का?