हयातीचा दाखला

घसरली नाही, अडखळली नाही.
मोरीतून ओट्याकडे येताना
दोन पावलांच्या मध्येच कुठेतरी खाली बसली.
डॉक्टर बोरवणकर म्हणाले,
"पडल्या म्हणून हाड मोडलं, असं आपण धरून चालतो.
कधी कधी हाड आधी मोडतं, माणूस मागाहून पडतो."

उजवा पाय बोटभर आखूड,
पाऊल बाहेर वळलेलं,
दुसऱ्याच कुणाच्या घरी निघाल्यासारखं.

एक्स-रे खिडकीशी धरला
तर हाडांतून सायनचा पूल दिसू लागला, वर एक टेम्पो.
मांडीच्या हाडाला मान असते
हे मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं.
तिथला रक्तपुरवठा तुटला की हाड जुळेलच असं नाही;
गोळा काढायचा, धातूचा बसवायचा. उद्याच.
"या वयात?"
"या वयात म्हणूनच. पडून राहिल्या की
आधी छाती भरते, मग पाठीला जखमा, मग"
आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

ऑपरेशननंतरच्या रात्री
तेहतीस वर्षं ट्रंक बोर्डावर बसलेली प्रमोदिनी
सलाईनची नळी उपसून
वॉर्डभर जोडण्या देऊ लागली.
"सोलापूर, बोला. बोला सोलापूर.
तीन मिनिटं झाली, वाढवू?"
मी हात धरला तर म्हणाली,
"आपण कोण? लाईन मोकळी करा."
मी लाईन मोकळी केली.

सिस्टर म्हणाली, होतं असं या वयात,
चष्मा लावा त्यांना, वार-तारीख सांगत राहा.
तीन रात्री मी तारीख सांगत राहिलो.
चौथ्या पहाटे तिनं मलाच दुरुस्त केलं:
"अकरा नव्हे. बारा."
मी बाहेर जाऊन लागोपाठ दोन चहा प्यालो.

कन्नमवार नगर, पहिला मजला, लिफ्ट नाही.
चार पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीतून वर आणली,
वळणावर भिंतीचा रंग खरवडला म्हणून
त्यांनाच ओरडली.

आता मांडी घालायची नाही, उकिडवं नाही,
पायावर पाय नाही, झोपताना गुडघ्यांत उशी.
पाट माळ्यावर गेला.
मेथीची जुडी आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर निवडली गेली
आणि भाजीला चव नव्हती, असं तिचं म्हणणं.

पाच वाजता कुर्ल्याहून फरहीन येते.
"काकी, टाच गादीत दाबा. मांडी कडक. पाच मोजा."
वॉकरच्या एका पायाचं रबर झिजलंय,
त्याच्या किरकिरीवरून खालचे तांडेल सांगतात
ही कुठवर पोचली.
"चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा."
"मी संसारभर उलटं केलं ग," ही म्हणाली,
"चढतानाही दुखराच पुढे."
फरहीन हसली. मी पेपर उलटला.

नोव्हेंबर आला. पेन्शनचा हयातीचा दाखला.
नातू म्हणाला, मोबाईलला चेहरा दाखव, झालं.
बँकेवाले म्हणाले, माणूस घरी पाठवू.
"घरी बोलावून सांगू होय, मी आहे म्हणून?"

वॉकर मी आधी खाली नेऊन ठेवला.
एकोणीस पायऱ्या. एक हात कठड्याला, एक फरहीनला.
दुखरा आधी, मग चांगला, मग थांबायचं.
खाली गॅसवाला आला,
वर बघितलं, सिलेंडर खांद्यावरून उतरवून
त्यावर बसून राहिला. काही बोलला नाही.
बावीस मिनिटं.

काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं,
"पेन्शनर स्वतः आल्यात का?"
हिनं वॉकर जरा जोरातच टेकवला.

मशीनला ठसा सापडेना.
तेहतीस वर्षं प्लगा खोचून
अंगठ्याच्या रेघा कधीच पुसल्यात.
"पुन्हा दाबा, आजी."
टाच दाबावी तसा तिनं अंगठा दाबला,
पाच मोजले.

दिवा लागला. हिरवा.

"चला," म्हणाली, "आता चांगला पाय आधी."