ओलं दळत नाही

गंगापूर धरणाच्या फुगवट्याला, सावरगावच्या वरच्या अंगाला
आठ बंगले आहेत, पांढरे, एकसारखे.
गाव त्यांना परदेश म्हणतं.
दूधवाला सांगतो, आधी परदेशात घालून येतो,
मग तुमच्याकडे.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे मराठी शिकवायला जायचे.
झेडपीच्या शाळेत तीस वर्षं काढली,
पण नदी ती का, कालवा तो का, धरण ते का,
हे कुणी विचारलं नव्हतं.
योलांदानं विचारलं.
मी म्हटलं, असतंच तसं.
तिनं वहीत लिहून घेतलं : असतंच तसं.
पुढे वीज गेली, सिलिंडर आला नाही,
नोंदणीचा शिक्का मारायला साहेब जागेवर नसले,
की ती हेच म्हणायची,
माझ्याच सुरात, हात झटकून.

नवरा ग्रेगोर, ऑस्ट्रियाचा.
वायनरीतलं बाटल्या भरायचं यंत्र
त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे.
मराठी तीनच शब्द : बस, थांब, हळू.

ती मूळची मेक्सिकोची. तिथल्याही एका तळ्याकाठची.
तिथे परदेशी माणसं म्हातारपणी राहायला येतात, म्हणाली,
माझी आई त्यांच्या कपड्यांना इस्त्री करायची.
आता इथे मी परदेशी. माझ्या कपड्यांना हिराबाई करते.
मग 'करते' बरोबर आहे का, विचारलं.
बरोबर होतं.

एका शुक्रवारी : बाई, चुना कुठे मिळतो?
भिंतीला?
नाही. खायला.
गिरणारे नाक्यावर अन्वरभाईच्या टपरीत
तिनं एकदम वीस डब्या मागितल्या.
अन्वरभाईनं मला बाजूला घेतलं :
आजवर लोकांनी मला चुना लावला,
पैसे देऊन मागणारी ही पहिलीच.
तब्येत बरी आहे ना मॅडमची?

चुन्याच्या पाण्यात मका शिजवला तिनं, रात्रभर ठेवला.
सकाळी सालं सुटली,
घराला नव्या सफेदीचा वास.
गिरणीवाला बाळू डब्यात बघून म्हणाला,
ओलं दळत नाही. जातं बसतं. वाळवून आणा.
वाळवलेलं तिला नको होतं.
डबा मांडीवर घेऊन ती स्कूटीवर माझ्यामागे बसली,
माझ्या पाठीवर चुन्याचं पाणी ठिबकत राहिलं
थेट मखमलाबादपर्यंत.

माझ्या मोरीत पाटा पालथा पडलेला, वर बादली.
मिक्सर आल्यापासून तो नुसता दगड झाला होता.
आईच्या माहेरचा.
ते गाव धरणात गेलं, तेव्हा लोकांनी
दारं काढली, कौलं काढली,
आजोबांनी बैलगाडीत आधी पाटा घातला, म्हणे.
योलांदा गुडघ्यांवर बसली,
वरवंटा दोन्ही हातांनी पुढे लोटला,
काही बोलली, मला न येणाऱ्या भाषेत.
मग मराठीत : आमच्याला पाय असतात. तीन.
आमचा बसका, मी म्हटलं,
म्हणून गाडीतून आणावा लागला.

टाकी लावणारं आता दारावर येत नाही.
पेठ रोडला एक म्हातारा सापडला.
परत वापरात काढताय? त्यानं विचारलं.
मी हो म्हटलं. मी नव्हते काढत.
वर्षभर पाटा परदेशात राहिला.

मे महिन्यात पाणी उतरलं,
चिखलातून जोती वर आली, एक रांग, दुसरी अर्धी.
तिच्या व्हरांड्यातून मी बोट दाखवलं : ते आईचं.
ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणजे तू पण परदेशी?
'तुम्ही पण' म्हणावं, मी सांगितलं,
मोठ्यांना.

ग्रेगोरचं कंत्राट संपलं.
यंत्र आता हिंदी ऐकतं.
पाटा परत आला, धुतलेला, उताणा.
बादली कुठे ठेवायची, हा प्रश्न अजून सुटला नाही.

परवा नाक्यावर अन्वरभाईनं हाक मारली :
मॅडम गेल्या? मी तर पुढच्या वीस आणून ठेवल्या.
मी पान खात नाही.
दोन द्या, म्हटलं.