एकशे सतरा

शनिवार.
नाकाची डावी बाजू बंद, उजवी अर्धवट.
चारू सिन्नरला, बहिणीकडे. उद्या रात्री येईल.
जाताना उशाशी ओव्याची पुरचुंडी ठेवून गेली
आणि पाकिटाच्या पाठीवर लिहून: वाफ घे. पंखा नको.

पंखा नको कसा?
दुपारी जेल रोडवर अजून ऑक्टोबर पेटलेला,
गच्चीवरची टाकी हात लावू देत नाही.
आणि पहाटे मात्र, निफाडकडून असेल,
छाटणी झालेल्या द्राक्षबागांवरून
एक गार बोट येतं खिडकीच्या फटीतून
आणि मानेवर फिरतं.
या दोघांच्या भांडणात माझं डोकं सापडलं.

सुया काढल्या. दहा नंबरच्या.
लोकर शालिमारच्या दुकानातली.
जांभळी न्या, म्हणाला तो, वहिनी खूश होतील विणताना.
मी राखाडी घेतली
आणि विणणारा कोण ते सांगितलं नाही.

शिकवलं शेजारच्या डिमेलो बाईंनी, देवळालीत,
मला गोवर आला तेव्हा.
बाहेर पोरांची विटीदांडू,
आत मी, नऊ वर्षांचा, अंगभर पुरळ.
खाजवायचं नाही, म्हणाल्या. हात गुंतव.
एक सुलट, एक उलट.
गोवर गेला. हात गुंतलेलेच राहिले.

एक सुलट, एक उलट, एक सुलट,
शिंक.
कुठे होतो?

हवेत एकशे अठरा.
आले एकशे सतरा.
पुन्हा मोजले: एकशे सतरा.
तिसऱ्यांदा एकशे एकोणीस, पण तो वाफाऱ्याचा परिणाम.

तीस वर्षं नोटांच्या छापखान्यात मोजतो आहे.
कोरे ताव, छापलेले ताव, फाटलेले ताव.
फाटलेल्यालाही फाटलेला म्हणून जागा आहे वहीत.
एखादा कमी पडला की
सगळं खातं जागच्या जागी थांबतं,
डब्यांतली भाजी आंबते,
माणसं एकमेकांच्या हातांकडे बघायचं टाळतात.
मग सापडतो तो,
दोन तावांच्या मध्ये चिकटून,
चोरासारखा नाही, लाजल्यासारखा.

संध्याकाळी खैरनारांची मृण्मयी
हुलग्याचं माडगं घेऊन आली, वाटीवर झाकण.
मी तिला हाक मारली ती बृड्बयी अशी गेली
आणि ती दारातच खाली बसून हसली.
कसं झालंय काका?
गरम आहे.
गरम ही चव नाही, काका.
बरोबर आहे तिचं.
पण आज घशाला तेवढीच कळते.

रात्री चारूचा फोन.
काय करतोस?
काही दाही.
सुया वाजतायत, म्हणाली. वाफ घेतलीस?

रविवारी उशिरा उठलो.
पारिजातकाची फुलं शेजारच्या पत्र्यावर,
वास असणारच, हे आठवणीवरून.
दात घासायच्या आधी चष्मा लावला
आणि सहा ओळी खाली तो दिसला:
सुटलेला टाका,
वरच्या पाच ओळींना शिडी करून
आरामात खाली उतरलेला.
त्याच्या मागे सेफ्टी पिन अडकवली
आणि तसाच ठेवला.

दिवसभर ठेवला.
जेवलो, झोपलो, पुन्हा जेवलो.
हिशेब एकाने कमी, आणि दाराशी
माझे खिसे चाचपायला कोणी उभं नाही.
असं बसायची सवय नाही मला.
चारदा पिनेकडे गेलो,
चारदा परत आलो.
पाचव्यांदा मात्र गेलोच नाही,
की झोप लागली होती, आठवत नाही.

साडेनऊला चारू आली.
पिशवीत सिन्नरची शेव, जी मला नुसती कुरकुरीत लागली.
तिने विणकाम दिव्यासमोर धरलं,
शिडीतून बोट घातलं, माझ्याकडे हलवलं.
इथे गळालाय.
माहीत आहे.
मग उचल की.
उद्या.
उद्या सोमवार, म्हणाली ती, उद्या तू कसला घरी,
आणि हेअरपिन काढून स्वतःच वाकली त्याच्यावर,
जी कधी सुई धरत नाही,
एक पायरी चढवली, दुसरी चढवली,
तिसरीवर थांबली,
नाक वर केलं, डोळे मिटले,

आणि शिंकली.