कौल

पहाटे साडेचारला परड्यातला दिवा लावला
तेव्हा ते ओल्या कौलांवर उभं होतं.
कुत्रं समजून मी हाड म्हटलं.
ते हललं नाही. हाड हा शब्द
त्याला कुणी शिकवलेलाच नव्हता.

अंग भाजलेल्या विटेच्या रंगाचं,
शेपूट झुबकेदार, टोकाकडं काळं,
चुलीतून आत्ताच ओढून काढल्यासारखं. कान गोल.
माझ्याकडं नाही,
माझ्या हातातल्या बादलीकडं बघत होतं.
मग त्यानं शीळ घातली.
होय, शीळच. भुंकणं नाही, केकाटणं नाही,
फाटकाजवळ मालगाडीच्या गार्डनं
अर्धवट फुंकून सोडून द्यावी तशी.
आणि लेआउटच्या तारेखालनं
सांडलेलं पाणी जावं तसं गेलं.

उजाडल्यावर सगळे जमले.
गंगव्वा म्हणाली, नरी गं, नरीच ती,
सकाळच्या पारी तोंड बघितलंस, नशीब काढलंस की!
भरमाण्णा म्हणाला, लांडगा.
त्याच्या आज्याची सहा मेंढरं एका रात्रीत गेली होती,
तेव्हापासून त्या घराला दुसरं जनावर दिसत नाही.
पोरगा म्हणाला, फोटो का नाही काढलास?
हात मातीचे होते, म्हटलं.
फर्मीन सगळ्यात शेवटी बोलला.
बापाची ठासणीची बंदूक त्यानं लहानपणी पुसलेली.
शीळ घातली? मग रानसुणें.
पण ते एकटं येत नाही कधी.
बाकीचे कुठं होते?

बाकीचे कुठं होते.
दिवसभर चिखल तुडवताना
हे पायाखाली येत राहिलं.

गोव्याच्या कुठल्या हॉटेलवाल्यानं
हातची चपटी कौलं मागितलेली, दोनशे.
त्यातल्या तिसऱ्यावर, सातव्यावर अन् कडेच्या एकावर
चार बोटं, चार नखं, मधे गादी.
इतकं नेटकं की माझ्या अंगठ्याचा ठसाही
कधी तसा उठला नाही, रेशनच्या मशीनवरसुद्धा.

वनखात्याचा मुजावर मोटारसायकलवरनं आला.
टेप लावला. मला मराठीत विचारलं,
कागदावर कन्नडात लिहिलं,
पेन अडलं तेव्हा हिंदीत शिवी दिली.
काय लिहिलं, विचारलं.
केन्नाय. तांबडं कुत्रं.
तुमच्यात काय म्हणतात?

मला आधी काहीच आठवलं नाही.
मग तोंडातनं आपसूक आलं, कोळसुंदा.
बाबा म्हणायचे, जांबोटीच्या रानाकडं बोट करून.
लग्न होऊन खानापुरात आले
त्याला सत्तावीस वर्षं झाली,
या शब्दाचं एकदाही काम पडलं नव्हतं.
मुजावरनं तोही लिहिला, कंसात.

कौल तसंच ठेवा, म्हणाला, साहेब येतील.

साहेब आले नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला,
हॉटेलवाल्याचे फोन सुरू झाले.
भट्टी काय एका कौलासाठी थांबते?
लावली. ठशाचं ते तिसरं कौल मधल्या थरात,
जिथं आच सारखी लागते.

साहेब आले तेव्हा ते लालभडक होऊन
ओट्यावर बसलं होतं.
त्यांनी टेप लावला, मुजावरच्या कागदाकडं बघितलं,
पुन्हा टेप लावला.
एवढुसा? हे तर खोकड.

मी सांगितलं, साहेब, माती भाजली की आकसते.
दहाला एक धरायचं. बोटाला नख कमी.
ते हसले, होय होय म्हणाले.
तोवर लिहून झालं होतं.

ते कौल आता कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलंय,
पंजा वरच्या अंगाला.
कोंबड्या त्याच्याखाली निवांत झोपतात.
मालगाडी फाटकाशी थांबते कधीमधी,
गार्ड शीळ फुंकतो,
तेव्हा मी चाक थांबवते
आणि आधी हात पुसते.