पाटीवरचा आकडा

अंबडला, मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये
आम्ही गाड्यांना मागून हुक लावून देतो.
मापं मी घेते. वेल्डिंग यासीन मारतो.
किती किलो ओढायचं, ते पाटीवर शेवटी मीच ठोकते,
एकेक आकडा, एकेक घाव.
पंचांचा डबा सासऱ्यांच्या वेळचा. त्यातला आठ
डावीकडून झिजलाय, ठोकला की तीन उठतो.
नवा आणू, नवा आणू म्हणत राहिलाय.

परवा चंद्रहास पाळदे आले.
दोन दारांची गाडी, टायर माझ्या कमरेला लागणारे,
टपावर दिव्यांची रांग, दारावर ओला चिखल
(वैतरणेचा, ते म्हणाले, कुणी विचारलं नसताना).
उरणहून होडी आणायचीय, गंगापूरच्या पाण्यात सोडायला.
फोनवर मेहुणा दाखवला, पर्थचा:
हीच गाडी, हाच रंग,
मागे होडी, होडीत उभी दोन उघडी पोरं.
"तिकडच्या पुस्तकात साडेतीन हजार छापलंय, ताई.
लोखंड तेच, इंजिन तेच.
ठोका तेवढंच."

मी गाडीखाली सरकले. बराच वेळ बोलले नाही.

लोखंड तेच आहे, पाळदे.
पण मेहुण्याच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत.
तुमचा सिन्नरला बनलाय, ट्रॅक्टरच्या जुन्या एक्सलवर,
त्याला थांबायचं कुणी शिकवलेलंच नाही.
उतारावर तो तुम्हाला ओळखणार नाही.
एखाद्या देशात ट्रेलर लावला की सावकाश जायचं, कायदाच,
तिथे आकडा फुगतो.
दुसरीकडे रस्ते सुसाट, वेगात मागचं ओझं
शेपटीसारखं हलायला लागतं,
तिथे हीच गाडी एकदम गरीब होते.
कुठे ऊन मोजतात, कुठे चढ,
कुठे फक्त वकिलाला विचारतात.
आणि आपल्याकडच्या पुस्तकात त्या पानावर
नुसतं लिहिलंय: विक्रेत्याशी संपर्क साधा.

"अहो, पण ही खडकावर चढते!"

चढणारच. ज्या मऊ स्प्रिंगा तिला खडकावर नेतात
त्याच मागून भार आला की बसतात, नाक वर होतं,
आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं.
आखूड म्हणून ती जागच्या जागी वळते,
आखूड म्हणूनच मागचं ओझं तिला वळवतं.
तिची चार दारांची बहीण, ती लांबुडकी, बाजारहाटाची,
जिचा फोटो कुणी काढत नाही,
ती हिच्यापेक्षा जास्त ओढेल.

यासीनने काच वर केली.
तो एकदा मे महिन्यात कसाऱ्याचा घाट चढला होता,
मागे कुणाचा तरी जनरेटर बांधून.
काटा लाल, हीटर चालू, खिडक्या उघड्या,
जळक्या क्लचचा वास चार दिवस शर्टात.
तो एवढंच म्हणाला, "घाटाला पर्थ माहीत नाही, शेठ."

मी खडूने शटरवर हिशेब मांडला.
ब्रेक नाही, घाट आहे, गाडी आखूड.
आठशे.
"आठशेत होडी येत नाही."
मोटर काढा, टेम्पोतून वेगळी आणा. मग येईल.

पाळदे ऑइलच्या ड्रमवर बसले.
चहा आला, गार झाला. पंचांचा डबा त्यांनी
उगाच चाळला, आठ हातात घेऊन उजेडात धरला
आणि लहान मुलासारखे हसले:
"हा तीन उठवतो ना?
मग साडेआठ हजार ठोका की, ताई.
तुम्ही खोटं लिहिलं नाही, मी खोटं वाचलं नाही."

मी पण हसले. खरंच हसले.
मग पाटी ऐरणीवर ठेवली.
आठ. शून्य. शून्य.
पाटीवर तीनशे उठले.

तीनशेसुद्धा खोटंच.
बारीक छिन्नी घेतली, डावीकडून
एक घाव वर, एक खाली.
आठ जरा पोक काढल्यासारखा झालाय,
पण आठ आहे.