सव्वानऊचा गजर

जेल रोडवर, जिन्याखालच्या साडेचार फुटांत
माझं दुकान.
उभं राहायचं तर बाहेर यायचं, आत फक्त बसायचं.
दिवसभर दुसऱ्यांच्या फोनची पोटं उघडायची
आणि आत जे दिसेल ते बघायचं नाही.
हे न बघणंच खरं कसब. स्क्रू काय, कुणीही फिरवतं.

काल टोकेकरबाई आल्या, लोकमान्य नगरहून.
डब्यात तांदूळ, तांदळात फोन,
आंबे पिकत घातल्यासारखा.
"तीन दिवस झाले, अजून उठत नाही."
म्हटलं, तांदळानं फोन सुकत नाही, बाई,
भाताला मात्र फोनची चव लागते.
मागचं झाकण काढलं. बॅटरी टम्म, पुरीसारखी.
"रात्रभर उशीखाली चार्जिंगला असायचा ना?"
चोरी पकडल्यासारख्या हसल्या.
पुरीला टोचलं तर वाफ निघते,
हिला टोचलं तर...
मी डावा अंगठा दाखवला.
घाई, चिमटा आणि एक निळी ठिणगी.
नख परत आलं, पण वाकडं आलं.

दुसरी बॅटरी लावून फोन उठवला.
म्हटलं, आता पुसा. तुमच्याच बोटानं, माझ्यासमोर.
"सगळं जाईल?"
फोटो नातवानं काढून घेतलेत. बाकी सगळं.
"बँकेचं? गॅसचं?
आणि ते कमलवन्संशी भांडलेलं?"
तेसुद्धा.
"मग पुसा बाई एकदाचं," असं स्वतःलाच म्हणाल्या
आणि इतक्या जोरात बोट दाबलं
की काच तडकायची.

फुगलेलीच्या टोकांना मी चिकटपट्टी लावली,
दाराबाहेरच्या रेतीच्या बादलीत ठेवली.

सगळ्यांना सांगतो ते मी स्वतः केलं नव्हतं.

खालच्या खणात एक काळा फोन होता.
तीन वर्षांपूर्वी एक गृहस्थ देऊन गेले,
"स्पीकर बदला, गजर ऐकू येत नाही."
पावतीवर नाव दि. वा. पोतनीस, खाली नंबर.
महिनाभर आले नाहीत, तेव्हा लावून पाहिला.
माझ्या खणातच वाजला.

पुढे सिम मेलं. गजर नाही मेला.
रोज रात्री सव्वानऊला पडद्यावर दोन शब्द:
आईची गोळी.
कुणाची आई, कसली गोळी, आता कोण देत असेल,
कुलूप उघडलं असतं तर कळलं असतं.
मला उघडता येतं. उघडलं नाही.
पण दर दोन दिवसांनी चार्ज करत राहिलो,
लाकडी फळीवर, डोळ्यांसमोर, भरला की लगेच काढून.
सगळे नियम पाळून केलेला
एकच नियमभंग.

या सोमवारी त्याचं झाकण एका बाजूनं उचललेलं,
कुणी आतून ढकलावं तसं.

मग काय. बॅटरी सोडवली, प्लास्टिकच्या पट्टीनं, हळूहळू.
दुसरी जोडून, कुलूप न उघडता, दोन बटणं दाबून धरली.
आत काय होतं ते मलाही न कळता गेलं.
सिमचे दोन तुकडे केले. पावती मात्र ठेवली.

सकाळी कचरागाडी आली, तिचं ते गाणं वाजवत.
ओल्याला वेगळा कप्पा, सुक्याला वेगळा,
अन् असल्या मालाला कडेचा लहानसा.
गाडीवरची रामकली सगळं उलटून बघते.
"बैटरी अलग करी, भिया?"
करी.
"और अंदर का?"
मिटा दिया.
तिनं फोन टाकला नाही. वाकून ठेवला.

रात्री शटर अर्धं ओढलं, हिशेब मांडत बसलो.
एकदम घड्याळाकडे लक्ष गेलं
आणि घाईघाईनं घरी फोन लावला.
आईनं गोळी घेतली का?
"घेतली की," बायको म्हणाली.
"आज दोन मिनिटं उशिरा विचारलंत."