बांधामागचं पाणी

लोरिंत्स कोसो, वय एकसष्ट.
तिसा नदीच्या बांधावर एकतीस वर्षं पहारा.
आता सेगेदच्या आमच्या अतिदक्षता विभागात, खाट चार.
पित्ताशयातून निसटलेला खडा, मसुरीच्या दाण्याएवढा,
नळीच्या तोंडाशी अडकला
आणि स्वादुपिंडानं स्वतःलाच पचवायला घेतलं.

पहिल्या रात्री त्याच्या अंगात सगळेच धावत सुटले.
पांढऱ्या पेशी, त्यांचे निरोप, निरोपांचे निरोप.
आग कुठं लागलीय, कुणी विचारलं नाही.
विझवायला आले आणि दारं-खिडक्या फोडून गेले.
मी सलाईनच्या बाटल्या मोजत होते,
दर तासाला लघवी मोजत होते,
आणि त्याच्या फुप्फुसांत पाणी चढत होतं.

चौथ्या दिवशी नाकातून नळी घातली, थेट आतड्यापर्यंत,
आणि तिच्यातून दुधट अन्नाचे थेंब सोडले.
शारोल्ता, त्याची लेक, माझ्यावर भडकली.
तिच्या आजीला याच दुखण्यात
पंधरा दिवस पाण्याचा घोटही दिला नव्हता.
खरं आहे. मलाही तसंच शिकवलं होतं:
स्वादुपिंडाला विसावा, माणसाला उपास.
पण उपाशी आतडं झिजतं, शारोल्ता.
त्याची भिंत एका पेशीएवढी जाड,
आणि भिंतीपलीकडे अब्जावधी जिवांची वस्ती,
जन्मापासूनचे शेजारी, एरवी अगदी गुणाचे.
घास भिंतीसाठी आहे, त्याच्यासाठी नाही, असं समज.

ती काही बोलली नाही.
मासळीच्या लाल रश्श्याची बरणी
पिशवीत तशीच परत घेऊन गेली.

नवव्या रात्री ताप. हुडहुडी, खाट वाजेल इतकी.
रक्तात सापडला त्याच्याच आतड्यातला रहिवासी.
भिंत कुठंच फुटली नव्हती. नुसती पाझरली होती.
आणि पहिल्या रात्री घर डोक्यावर घेणाऱ्या पेशी
आता शत्रू दाखवला तरी ओळखेनात,
अंगावरची निशाणी उतरवून
कोपऱ्यात बसून राहिलेल्या.
औषध सुरू केलं. आधी का नाही, असं वडील डॉक्टरांनी विचारलं नाही.
मीच विचारलं, दोनदा.

बेन्दे, आमचा तरुण सर्जन, म्हणाला, पोट उघडू या,
मेलेलं सगळं आत्ताच काढून टाकू.

मला कोसोचं बोलणं आठवलं.
श्वासाची नळी घालायच्या आधी,
मास्कच्या आतून, अर्धं-मुर्धं सांगितलेलं:
बांध फुटायच्या आधी आवाज करत नाही, डॉक्टरीणबाई.
मागच्या कोरड्या बाजूला, कोबीच्या वाफ्यात
एक बारका झरा उकळायला लागतो.
पाणी नितळ असेल तर रात्रभर शेजारी बसायचं.
वाळू यायला लागली, तर माणसं बोलवायची.
पण बूच मारायचं नाही. कधीच नाही.
बूच मारलं की दहा पावलांवर दुसरा फुटतो.
भोवती पोती रचायची, विहिरीच्या काठासारखी गोल,
आत पाणी चढू द्यायचं.
तेच पाणी मग खालच्या पाण्याला दाबून धरतं.

बेन्देला मी हे सांगितलं नाही. हसला असता.
त्याला म्हटलं, अजून भोवती कडं धरलेलं नाही,
आता चिरलं तर रक्त थांबणार नाही.
हेही खरंच होतं.

मग आम्ही शेजारी बसलो.
सतरा रात्री.
दोनदा वाटलं, संपलं.
एकदा शारोल्ताला फोन करायला उचललेला रिसीव्हर
पिरोश्का सिस्टरनं हातातून काढून घेतला,
म्हणाली, थांबा, त्याचा रक्तदाब परत आलाय.

सव्विसाव्या दिवशी चित्रात कडं दिसलं,
देहानंच रचलेलं, गोल, जाड.
तेव्हा जठरातून एक वाट काढली, करंगळीएवढी,
आणि कुशीतून दुसरी, पिशवीत उतरणारी.

काल श्वासाची नळी निघाली.
आवाज घोगरा, ओठ फुटलेले.
बायकोचं नाव नाही, लेकीचं नाही,
खाटेखालच्या पिशवीकडे डोळे वळवून विचारलं,
वाळू येतेय का?

मी वाकून पाहिलं.
येतेय, म्हटलं. कालच्यापेक्षा कमी.

मग दिवा मालवू नका, तो म्हणाला,
आणि झोपला.